चेवेलला क्लच बसवायचाय? आधी मागचा ॲक्सल बघा

१९७० ची शेवरोले चेवेल, ३५० क्युबिक इंचाचं इंजिन आणि त्यामागे टीएच३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. अमेरिकेत विकायला निघणाऱ्या जुन्या मसल कारमध्ये (मोठ्या इंजिनाच्या दणकट गाड्यांमध्ये) ही जोडी सर्रास दिसते. गाडी दारात आली की थोड्याच दिवसांत मालकाच्या डोक्यात क्लचचं खूळ शिरतं. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात तर जरा लवकरच, कारण आपल्यातले बहुतेक जण गाडी शिकले तेच क्लचवर. ज्यांनी पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर ओढलाय, त्यांचा डावा पाय कॉलम शिफ्टची चेवेल पाहून आपोआप हलतो.

पर्याय चार आहेत. आहे तो टीएच३५० ठेवायचा. त्याच्या जागी ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर) असलेला ऑटोमॅटिक, म्हणजे २००-४आर, घालायचा. त्या काळाला शोभणारा चार गिअरचा मॅन्युअल, म्हणजे मन्सी, बसवायचा. किंवा ट्रेमेक कंपनीचा आजचा पाच गिअरचा मॅन्युअल, टीकेएक्स, घ्यायचा. बहुतेकजण यातला एक मनात पक्का करतात आणि मग किंमत विचारत फिरतात. माझ्या मते सुरुवात मागच्या ॲक्सलपासून करावी. गाडीखाली शिरा आणि क्राउन-पिनियनचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्ट किती फेरे घेतो, ते नक्की करा. ऑटोमॅटिक गाड्यांना कारखान्यातून बरेचदा २.७३ सारखं उंच (म्हणजे आकड्यानं लहान) गुणोत्तर मिळालेलं असतं.

खालचे आकडे २६ इंच व्यासाच्या टायरचे आहेत. 'सुटण्याची ताकद' म्हणजे पहिला गिअर गुणिले ॲक्सल. आरपीएम ताशी ७० मैलांना, वरच्या गिअरमध्ये.

| गिअरबॉक्स | पहिला / वरचा गिअर | २.७३ ॲक्सल: ताकद, आरपीएम | ३.५५ ॲक्सल: ताकद, आरपीएम |
|---|---|---|---|
| टीएच३५० | २.५२ / १.०० | ६.९, २४७० | ८.९, ३२१० |
| २००-४आर | २.७४ / ०.६७ | ७.५, १६५० | ९.७, २१५० |
| मन्सी एम२० | २.५२ / १.०० | ६.९, २४७० | ८.९, ३२१० |
| मन्सी एम२१ | २.२० / १.०० | ६.०, २४७० | ७.८, ३२१० |
| टीकेएक्स | २.८७ / ०.६८ | ७.८, १६८० | १०.२, २१८० |

क्लचची गाडी सिग्नलवरून सुखानं सुटायला ही ताकद दहाच्या आसपास लागते. २.७३ वर टीएच३५० ची ६.९ कमी वाटते, पण ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर सुटताना इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो, म्हणून ती गाडी झोकात निघते. त्याच ॲक्सलवर एम२१ बसवलात तर हा आधार जातो आणि हाती उरतात फक्त ६.०. मग प्रत्येक सिग्नलला क्लच घासत निघायचं, आणि चढावर क्लच प्लेटचा जळका वास. 'मॅन्युअल करून गाडी मंद झाली' अशी तक्रार करणाऱ्यांच्या गाडीखाली बहुधा हेच सापडतं.

मन्सी हवाच असेल तर ॲक्सलही बदलावा लागतो. ३.५५ केलंत की शहरात मजा येते, पण हायवेवर ७० ला इंजिन ३२१० वर ओरडत राहतं. दोन तासांच्या प्रवासात बायको-मुलं याबद्दल काय म्हणतील ते मी लिहीत नाही. शनिवारी सकाळी गावात फेरी, महिन्यातून एखादा कार शो, एवढाच वापर असेल तर मन्सीसारखं सुख नाही. त्यातही रस्त्यावरच्या गाडीला एम२० घ्यावा. एम२२, ज्याला 'रॉक क्रशर' म्हणतात, त्याचं पहिलं गुणोत्तरही २.२० च आहे. तो रेसच्या ट्रॅकसाठी. नावाच्या मोहात पडू नका.

टीकेएक्सचा मुद्दा इथेच उभा राहतो. पहिला गिअर खोल आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह, त्यामुळे ३.५५ वर शहर आणि हायवे दोन्ही जमतं. ६०० पौंड-फूट टॉर्कची क्षमता साध्या ३५० ला पुरून उरते. नुसता डबा, म्हणजे गिअरबॉक्स, तीन हजार डॉलरच्या आसपास पडतो. क्लच, बेलहाउसिंग (इंजिन आणि डबा जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच), पेडल, ड्राइव्हशाफ्ट धरून संच जवळजवळ दुप्पट. ॲक्सलचं काम वेगळं. ट्रेमेकचाच सहा गिअरचा मॅग्नम त्याहून महाग, आणि त्यासाठी फ्लोअरचा बोगदा कापावा लागतो. साडेतीनशेच्या इंजिनाला त्याची गरज मला तरी दिसत नाही.

दोन्ही मॅन्युअलमध्ये खरी कटकट डब्याच्या आजूबाजूला असते. ऑटोमॅटिकची पातळ फ्लेक्सप्लेट काढून क्लचसाठीचं जड फ्लायव्हील घालावं लागतं. ते १५३ दात्यांचं की १६८, यावर बेलहाउसिंग आणि स्टार्टर ठरतात. त्या काळचं ३५० इंजिन आतून बॅलन्स केलेलं असतं, पण ४०० आणि ४५४ इंजिनांत बॅलन्सचं काही वजन फ्लायव्हीलवरच असतं. चुकीचं फ्लायव्हील लागलं की संपूर्ण गाडी थरथरते. क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बुश (डब्याच्या शाफ्टचं टोक धरणारा) बसायला हवा. डॉज-प्लिमथच्या कित्येक ऑटोमॅटिक इंजिनांत तिथलं भोक पुरेसं पाडलेलंच नसतं, तेव्हा बेअरिंग वेगळी घ्यावी लागते. बेलहाउसिंग क्रँकशी सरळ आहे ना, हे डायल इंडिकेटर लावून तपासावं. ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे फरक भरून काढणाऱ्या तिरकस पिना, घालाव्या. ही पायरी मेकॅनिक टाळू बघतात. तिच्यासाठी भांडा, कारण ती टाळली की नवाकोरा डबाही गिअर अडवू लागतो.

क्लच दाबण्यासाठी जुन्या पद्धतीची झेड-बार (पेडल आणि क्लच जोडणारा दांडा) घ्यायची की हायड्रॉलिक? गाडीला हेडर (रुंद एक्झॉस्ट नळ्या) असतील तर झेड-बार बरेचदा त्यांनाच अडते, तेव्हा हायड्रॉलिक घ्या. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे स्टिअरिंग कॉलम. १९६९ पासून जीएमनं (शेवरोलेची मालक कंपनी) इग्निशनचं कुलूप कॉलममध्ये नेलं. कॉलम शिफ्टचा दांडा नुसता काढून टाकला आणि आतली जुळणी लॉकच्या जागी आणली नाही, तर किल्ली बाहेरच येत नाही. न्यूट्रल सेफ्टी स्विचची (गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर चालू न देणाऱ्या स्विचची) वायर थेट जोडून मोकळं होऊ नका. क्लच पेडलवर स्विच लावा, नाहीतर गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टर मारताच गॅरेजच्या भिंतीवर जाईल.

आता २००-४आर. क्लचचा विचार करणाऱ्याला हा पर्याय फितुरीसारखा वाटतो, पण तुमची तक्रार हायवेवरच्या आवाजाची आणि पेट्रोलची असेल तर तिचं औषध ओव्हरड्राइव्ह आहे, आणि तो ऑटोमॅटिकमध्येही मिळतो. ना पेडल, ना फ्लायव्हील. लांबी टीएच३५० च्या जवळपास असल्यानं ड्राइव्हशाफ्ट बहुधा तोच चालतो, डब्याला खालून आधार देणारा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो. एकच जागा जपायची, ती म्हणजे कार्ब्युरेटरकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. ती चुकीची बसली तर आतला दाब पडतो आणि क्लच-पॅक भराभर जळतात. २.७३ वर मात्र याचाही वरचा गिअर फुकट जातो. १६५० वर इंजिन कण्हतं.

काहीच न बदलण्यातही कमीपणा नाही. १९७० ची एलएस६ इंजिनाची चेवेल, ४५० अश्वशक्तीची, कंपनी टीएच४०० ऑटोमॅटिकसह देत होती.

मूळ गाडी म्हणून किंमत हा विषय साध्या मालिबूत (चेवेलचंच साधं मॉडेल) फार ताणू नका. अस्सल एसएस (सुपर स्पोर्ट) असेल तर हजारदा विचार करा. १९७० च्या शेवरोलेच्या व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) गिअरबॉक्सचा उल्लेख नसतो, पण बिल्ड शीट, म्हणजे गाडी बनवतानाची कारखान्यातली यादी, जी कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते, सगळं सांगून टाकते. जुन्या डब्यावर व्हीआयएनचे काही आकडे ठोकलेले असतील तर तो भंगारात देऊ नका. तेल काढून, तोंडं बंद करून, कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटसकट चिठ्ठी लावून ठेवा. पुढचा गिऱ्हाईक त्याचेही पैसे देतो.