बार्बाडोस की त्रिनिदाद: आईबाबांना घेऊन वेस्ट इंडीजला जायचं असेल तर

पुण्या-मुंबईहून आईबाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येतात. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, आठवडाभर वेस्ट इंडीजला जाऊन येऊ या. बाबांच्या पिढीला ही बेटं रेडिओवरच्या समालोचनामुळे नावानिशी पाठ असतात. न्यूयॉर्कहून बार्बाडोसचं ब्रिजटाऊन आणि त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन, दोन्हीकडे थेट विमानं आहेत, पाचेक तासांची. आम्ही दोन वेगवेगळ्या वर्षी दोन्ही बेटं केली, म्हणून हे सविस्तर लिहिते.

जमैका मुद्दाम बाजूला ठेवलाय. बेट सुमारे 235 किलोमीटर लांब, त्यामुळे वयस्क माणसांचा बराच वेळ गाडीत जातो. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसा चक्रीवादळाने तिथल्या पश्चिम भागाची फार हानी केली.

समुद्राच्या बाबतीत बार्बाडोसला तोड नाही. पश्चिम किनाऱ्यावर पाणी इतकं शांत की कधीही समुद्रात न उतरलेली आई कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास उभी होती, आणि खाली बघितलं तर पायाची बोटं स्पष्ट दिसत होती. कार्लाइल बेमध्ये कासवं बघायला बोटी जातात. पूर्वेकडचं बाथशिबा मात्र फक्त बघायचं. तिथे अटलांटिक खवळलेला असतो, पोहायचं नाही. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब, त्यामुळे रोज संध्याकाळी आपल्याच खोलीवर परत येता येतं. बसचं भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. राहणं आणि बाहेर जेवणं मात्र चांगलंच महाग.

त्रिनिदादला जाऊन असं निळं पाणी शोधाल तर निराश व्हाल. ओरिनोको नदीचा गाळ येतो, पाणी बऱ्याच ठिकाणी आपल्या कोकणासारखं मातकट. उत्तरेचा माराकास किनारा देखणा आहे, पण लाटा मोठ्या. नितळ पाणी हवं तर शेजारच्या टोबॅगो बेटावर जायचं, विमानाने जेमतेम 25 मिनिटं. तिथल्या नायलॉन पूलमध्ये भर समुद्रात बोट थांबते आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. म्हणजे समुद्र मिळतो, पण दोन दिवस आणि एक जादा प्रवास खर्ची पडतो.

तरीही माझं मत त्रिनिदादला आहे, आणि त्याचं कारण जेवण आणि माणसं. 30 मे 1845 ला गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज तिथे लागलं. 1917 पर्यंत जवळपास 1 लाख 44 हजार माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांचं जेवण भोजपुरी वळणाचं, आपलं नव्हे, पण ओळखीचं. दालपुरी रोटी आईने हातात घेतली, कडेने थोडी उकलून बघितली आणि म्हणाली, "अगं, ही तर तिखटामिठाची पुरणपोळी!" आत वाटलेली डाळ आणि जिरं. सकाळी गाडीवर डबल्स मिळतात: हळदीचे दोन मऊ बारे (तळलेल्या छोट्या पोळ्या), वर छोल्यांची पातळ उसळ, काकडी, चिंचेची चटणी. तिखट किती हे विक्रेता विचारतो. "स्लाइट" म्हणा, तिथली मिरची आपल्या लवंगीला भारी आहे. शाकाहारी माणसाला इथे रोज पोटभर मिळतं. बार्बाडोसला मासे खाणाऱ्यांची चैन, ऑइस्टिन्सच्या शुक्रवारच्या मासळीसाठी तरी जावं. पण आमच्या आईला तिथे मॅकरोनी पाय आणि कूकू यांवर दिवस काढावे लागले. कूकू म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घातलेली उकड. तिला दुसऱ्या दिवशीच नको झाली.

क्रिकेटवेड्यांसाठी निवड अवघड आहे. ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल म्हणजे 29 जून 2024, सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल आणि टी-20 विश्वचषक. पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल म्हणजे 1971. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथेच, गावसकरांचं पदार्पण त्याच सामन्यात, आणि मालिकेच्या शेवटच्या कसोटीत याच मैदानावर त्यांचे 124 आणि 220. बाबा फाटकापाशी उभे राहून सरदेसाईंचे त्या मालिकेतले 642 धावांचे आकडे डावागणिक सांगत होते. टॅक्सीवाला, साठीचा, गाडीतून उतरून ऐकायला आला.

हवामान बघूनच तिकीट काढा. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. विश्वचषकानंतर दोनच दिवसांत बेरिल चक्रीवादळ आलं आणि आपला संघ बार्बाडोसला हॉटेलात अडकला. त्रिनिदाद बरंच दक्षिणेला असल्याने सहसा वाचतं, पाऊस मात्र भरपूर. दोन्हीकडे जानेवारी ते एप्रिल उत्तम.

सुरक्षिततेबद्दल आडपडदा नको. गुन्हेगारीमुळे त्रिनिदादमध्ये डिसेंबर 2024 अखेर आणीबाणी लागली, 2025 मध्ये पुन्हा. आम्ही अंधार पडल्यावर पायी फिरलो नाही, ओळखीचाच टॅक्सीवाला ठेवला. जाण्याआधी ताज्या सूचना वाचा. मन धजत नसेल तर बार्बाडोस घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसाचा घोळ बेटांवर नाही, वाटेत आहे. भारतीय पासपोर्टला दोन्ही ठिकाणी सुट्टीसाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पण आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा परत प्रवेश देणारा आहे ना, ते तपासा. आणि त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीपुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डॉक्टर नको म्हणाले तर आधी अमेरिकेत परत या, आठवडाभर थांबा, मग भारताचं विमान धरा.

आईबाबा दिवाळीपर्यंत थांबणार असतील तर पावसाची तयारी ठेवून त्याच आठवड्यात त्रिनिदादला जा. दिवाळीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आधीचे काही दिवस चागुआनास गावी दिवाली नगर नावाची जत्रा भरते, सगळं शाकाहारी, दारू नाही. दिवाळीच्या रात्री गावागावांत बांबू वाकवून त्यांवर रांगांनी पणत्या लावतात. आईला त्या वाती आपल्यासारख्याच वळलेल्या दिसल्या तेव्हा ती तिथल्या एका आजींजवळ बसली आणि उरलेल्या पणत्यांत तेल घालू लागली.