वाडीवरच्या विजेच्या लाईनचा सर्व्हे: पाचपैकी तीन तारे

रोह्याजवळच्या आमच्या कातकरी वाडीवर वीज आणायची म्हणून एका एजन्सीची दोन पोरं आली. झाडं चोख मोजली, प्रत्येक ऐनाला चुन्याचा पट्टा. 2006 च्या वनहक्क कायद्यात अशा लाईनला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पर्यंतच झाडं आणि ग्रामसभेची शिफारस लागते, हे न चिडता दोनदा समजावलं. पण वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड नकाशात ‘मोकळी जागा’! सहावा खांब नेमका त्याच्या डोक्यावर. आमची आजी खुणेवरच फतकल मारून बसली, तेव्हा कुठे खांब वीस पावलं सरकला. त्यात सभा ठेवली ऐन वीटभट्टीच्या हंगामात. अर्धी वाडी भट्टीवर, अंगठे द्यायला उरलं कोण? पावसाळ्यात या म्हटलं, तर म्हणे चिखलात बूट रुततात.