अंगणातली माती, चुना आणि प्लास्टिकचे धागे : अकरा महिन्यांनंतर

गोव्यात बसून पाण्याने फुगणाऱ्या मातीबद्दल लिहितोय म्हटल्यावर सोलापूरकडचे लोक हसतील. आमच्याकडे जिथे तिथे जांभा आणि तांबडी माती, ती कशाला फुगतेय! पण डिचोली तालुक्यातलं आमचं घर उताराच्या तळाला, भाताच्या खाचरांना लागून आहे. फाटकापासून पोर्चपर्यंतची वाट करड्या चिकणमातीवर. मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा, जुलैत पेव्हर वर उचललेले. तीनदा बसवले, तीनदा उखडले.

शेजाऱ्यांचा सल्ला ठरलेला : "दोन टिप्पर तांबडी माती मार आणि मोकळा हो." पण उकरलेला चिखल टाकायचा कुठे? म्हणून आहे त्याच मातीत चुना आणि प्लास्टिकचे धागे कालवून बघायचं ठरलं.

भाचा सिव्हिलवाला. माती किती फुगते ते बघायला त्याने मापाची दोन नळकांडी आणली, दोन्हीत १०-१० ग्रॅम वाळवून चाळलेली माती, एकात पाणी, एकात रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही, म्हणून ते माप धरायचं. चोवीस तासांनी रॉकेलात माती १० मिलीवर, पाण्यात १५ वर. म्हणजे ५० टक्के फुगवटा. काळ्या मातीत हा आकडा शंभरच्या वर जाऊ शकतो, पण पेव्हर उचलायला आमचाही पुरला.

वाट १२ मीटर लांब, ३ रुंद, ३० सेंमी खोल. मातीच्या वजनाच्या ५ टक्के चुन्याची फक्की धरली, ३२ गोण्या लागल्या. धागे, म्हणजे प्लास्टरमध्ये घालतात तेच १२ मिमीचे पॉलिप्रोपिलीन, पाव टक्का. तेही मुद्दाम पोर्चकडच्या अर्ध्याच भागात. १२५ ग्रॅमच्या दीडशेच्या वर पुड्या फाडल्या. घाऊक गोण मिळते हे नंतर कळलं.

चुना पॉवर टिलरने कालवला. धागे मात्र टिलरला दिले की कापसासारखे गोळे होतात, आणि माती कोरडी असेल तर वाऱ्याबरोबर शेजारच्या तुळशीपर्यंत जातात. ओलसर मातीवर थोडे थोडे पिंजून टाकायचे, फावड्याने परतायचे. दोन दिवस गेले त्यात.

खरं भांडण झालं ते चुना मुरण्यावरून. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरतं, कणांच्या गुठळ्या होतात आणि काही तासांत माती फावड्याला चिकटेनाशी होते. तरी भाचा म्हणाला, "मामा, दोन दिवस झाकून ठेवा, मग ठोका." ठेकेदाराला घाई. फाटकाजवळचा दीड मीटर त्याच्या माणसांनी त्याच संध्याकाळी माती ठोकायचा कॉम्पॅक्टर फिरवून मोकळा केला. बाकीचं मुरवून, दोन थरांत ठोकून, आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवलं.

डिसेंबरात काम, मग मे आणि पूर्ण पावसाळा. ऑगस्टमध्ये पेव्हर उचलले ते त्या दीड मीटरातलेच. खाली बघितलं तर पांढरे खडे जसेच्या तसे, मधली माती पूर्वीसारखीच बुळबुळीत. उरलेली वाट सरळ. धाग्यांच्या आणि बिनधाग्यांच्या भागात वरून काडीचा फरक नाही.

फरक दिसला सप्टेंबरात, नळाची पाइप टाकायला वाटेच्या लांबीने चर मारला तेव्हा. नुसत्या चुन्याच्या भागात टिकावाच्या घावासरशी चिऱ्यासारखे टवके उडाले. धाग्यांच्या भागात टिकाव रुतून बसायचा. तडा जायचा, पण ढेकूळ केसांसारख्या धाग्यांना लोंबकळत राहायचं. फुगवटा थांबवतो चुना. धागे फक्त फाटू देत नाहीत, आणि चुन्याने आलेला ठिसूळपणा कमी करतात. फुगवटा थांबेल म्हणून नुसते धागे कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

तक्रारी दोन. कडेची जास्वंद पिवळी पडली, चुना मुळांपर्यंत पोचला. आणि पायपुसण्यावर अजून पांढरे केस सापडतात. हे प्लास्टिक मातीतून आता कधी जायचं नाही, ते मला खटकतं. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळ घर असेल तर आधी मातीतलं सल्फेट तपासून घ्या. ते जास्त असलं तर चुन्यामुळेच माती आणखी फुगते.

मागच्या अंगणाचं काम या डिसेंबरात आहे. तिथे नुसता चुना. धागे फक्त फाटकाजवळच्या त्या दीड मीटरात, जिथे पाण्याचा टँकर वळतो. ठेकेदार तोच, पण कॉम्पॅक्टर मी तिसऱ्या दिवशीच मागवणार आहे.