मट आणि मेलमधली चित्रं : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी लॅपटॉपची डिस्क गेली. मेल सर्व्हरवर असतात, त्यामुळे ते वाचले. पण अकरा महिने एकेक ओळ करून जमवलेली मेलकॅपची, म्हणजे कुठला प्रकार कुठल्या प्रोग्रामनं उघडायचा ते सांगणारी, फाईल गेली. नवी डिस्क बसवली, डेबियन लिनक्स चढवलं, मट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरांच्या खिडकीत, चालणारा मेलचा प्रोग्राम सुरू केला, पहिल्याच मेलमधलं चित्र उघडलं आणि समोर रिकामी खिडकी : फाईल सापडत नाही. गेल्या वर्षी ज्या दुखण्यापायी मी तीन रात्री जागले होते, तेच पुन्हा दारात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मट कसा बसवायचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. मी लिहिणार आहे ती फक्त चित्रांबद्दल.

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं वाचते. त्यामुळे माझ्या मेलमध्ये मजकूर दोन ओळींचा आणि जोडलेलं चित्र सहा एमबीचं, असा प्रकार असतो. मुखपृष्ठं, जाहिराती, लेखकानं हातानं दुरुस्त्या करून फोननं काढलेले पानांचे फोटो. लॅपटॉप जुना, चार जीबी मेमरीचा. ब्राउझरमध्ये मेल उघडला की पंखा सुरू होतो आणि मराठी टाइप करताना अक्षरं मागून येतात. कीबोर्ड धड आहे, पडदा धड आहे, तर केवळ मेल वाचायला चाळीस हजार घालून नवं यंत्र घ्यायला माझं मन तयार नाही. मटवर आले ती या कारणानं.

आता त्या दुखण्याकडे येते. मेल उघडून व्ही दाबलं की जोडलेल्या फाइलींची यादी येते. चित्रावर एंटर मारलं की मट ते तात्पुरत्या फाइलीत उतरवतो, मेलकॅपमध्ये त्या प्रकारापुढे जो प्रोग्राम लिहिला असेल त्याच्या हाती देतो, आणि तो प्रोग्राम संपला की फाईल पुसून टाकतो. सगळी मेख त्या 'संपला की'मध्ये आहे. मी तिथे एक्सडीजी-ओपन लिहिलं होतं, कारण सगळे तेच लिहितात. हा स्वतः चित्र दाखवत नाही. डेस्कटॉपवर ठरलेल्या प्रोग्रामला निरोप देतो आणि निघून जातो. निरोप्या परतला म्हणजे काम झालं असं मट समजतो आणि फाईल पुसतो. खरा प्रोग्राम डोळे चोळत उठेपर्यंत तिथे काही उरलेलंच नसतं. कधी कधी तो आधीच चालू असला तर वेळेत पोचतो आणि चित्र दिसतं. त्यामुळे तर जास्तच गोंधळ. सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, आणि दोष कुणाचा ते कळत नाही. मी दोनदा छापखान्यालाच फोन करून 'फाईल खराब आलीय, पुन्हा पाठवा' असं सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी पाठवलीही.

फेहसारखा स्वतः चित्र दाखवणारा प्रोग्राम लिहिला तर हा प्रश्न येत नाही, कारण खिडकी बंद करेपर्यंत तो संपत नाही. पण मग तितका वेळ मटही थांबून राहतो. माझ्या कामात हे चालत नाही. मेलमध्ये लिहिलेलं असतं, 'तिसऱ्या परिच्छेदातली दुरुस्ती बघा', आणि ती बघायला मेल आणि चित्र शेजारी शेजारी लागतात. शेवटी मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली : आलेल्या फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करायची, प्रत मागच्या मागे उघडायची आणि लगेच परतायचं. मट आपली फाईल पुसतो, माझी प्रत राहते. हे जमलं त्या दिवशी मला जितका आनंद झाला, तितकाच रागही आला. इतक्या वर्षांच्या प्रोग्रामात ही सोय का नसावी? मटपासूनच निघालेल्या निओमटमध्ये आहे, मेलकॅपच्या ओळीला एक जादा शब्द जोडला की तो स्वतः बंद होईपर्यंत फाईल ठेवतो. हा अनुभव मी सहा महिन्यांपूर्वी लिहिला असता तर त्यात मटच्या या सवयीबद्दल फार कडक शब्द आले असते.

ते मत मी या मंगळवारी बदललं. डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं ती दुसऱ्या यंत्राला जोडली, काही फोल्डर दिसले. तो म्हणाला, "ताई, इथे आधार कार्डांचे फोटो आहेत, चेक आहेत. हे काढून ठेवायचं का?" तो माझ्या स्क्रिप्टचा फोल्डर होता. लेखक मानधनासाठी जे जे पाठवतात ते मी एकदा डोळ्यांखालून घालते, हिशेबाकडे पुढे पाठवते आणि मेल पुसते. पुसलं, असं मी समजत होते. प्रती सगळ्या तिथेच होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या. एवढं दाखवून डिस्क कायमची थांबली, पण त्या अनोळखी दुकानात दुसऱ्यांची कार्डं पडद्यावर उघडी पाहून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. मट फाईल पुसतो ते बरोबरच करतो. पुसण्याची वेळ ओळखायला त्याच्याकडे नीट मार्ग नाही, एवढीच तक्रार आता उरली आहे. नवी स्क्रिप्ट प्रत उघडल्यावर अर्ध्या तासानं ती स्वतः पुसते.

ही मेलकॅप पद्धत आजची नाही. मेलमध्ये मजकुराखेरीज इतर गोष्टी पाठवण्याचा माइम हा प्रमाण आराखडा नेथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडला, आणि पुढच्याच वर्षी बोरेन्स्टाइननं आरएफसी १५२४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात मेलकॅपचे नियम लिहिले. कुठला प्रकार कुणी उघडायचा ते मेलच्या प्रोग्रामनं ठरवायचं नाही, वापरणाऱ्यानं एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचं. ११ मार्च १९९२ ला बोरेन्स्टाइननं माइमचा जो पहिला मेल पाठवला, त्यात तो ज्या चौकडीत गायचा तिचं छायाचित्र आणि गाणं होतं. टर्मिनल मजकुरासाठी असतं, चित्रं कशाला हवीत, असं मला कुणी ऐकवलं की ही तारीख मी सांगते. माइमच्या पहिल्या दिवसापासून चित्र मेलमध्ये आहे.

दुसरी मोठी अडचण डेटाची. माहेरी गगनबावड्याकडे गेले की फोनच्या हॉटस्पॉटवर काम करावं लागतं आणि रोजचा दीड जीबी सगळ्या घराला पुरवायचा असतो. मट आयमॅपवरून, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या पद्धतीनं, मेल उघडताना तो अख्खा उतरवून घेतो. दोन ओळी वाचायच्या असल्या तरी सहा एमबीचं मुखपृष्ठ सोबत येतंच, आणि मेलमध्ये ते सहा एमबीचं राहत नाही. मेलसाठी फाइलीची अक्षरं करणाऱ्या बेस-६४ पद्धतीत दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे आठ एमबी झाले. अल्पाइन हा टर्मिनलमधलाच दुसरा मेलचा प्रोग्राम यात शहाणा आहे, हवा तेवढाच भाग मागवतो. मी तो दोन आठवडे वापरला, पण बोटांना मटच्या कळा इतक्या बसल्या होत्या की परत आले.

यावर उपाय सापडला तो असा. छापखान्याच्या एका सर्व्हरवर मला खातं आहे. तिथेच मट ठेवला आणि एसएसएचनं, म्हणजे दुरून त्या यंत्रावर काम करू देणाऱ्या प्रोग्रामनं, आत जाऊन वाचायला लागले. आता आठ एमबी सर्व्हर उतरवतो, माझ्याकडे फक्त पडद्यावरची अक्षरं येतात. डेटा वाचला, पण चित्रं गेली. सर्व्हरवर खिडकी उघडणार कुठे? एसएसएचमधून एक्सची (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेची) खिडकी ओढून आणता येते, पण गगनबावड्याच्या नेटवर्कवर ती उमटेपर्यंत चहा होतो.

इथे चाफा भेटला. नाव वाचून मला फूलच आठवलं. हा प्रोग्राम चित्र टर्मिनलमध्येच काढतो. टर्मिनलला सिक्सेल ही चित्र काढायची पद्धत येत असेल तर खरं चित्र, नसेल तर रंगीत चौकोन. सिक्सेल ही डेक कंपनीची १९८०च्या दशकातली पद्धत : एका अक्षरात उभे सहा ठिपके सांगायचे, रंगाची ओळख आधी द्यायची. लॅपटॉपवर मी फूट नावाचं टर्मिनल वापरते, त्याला ते येतं. चाफा चित्र आधी पडद्याच्या मापाचं करतो आणि मगच पाठवतो, त्यामुळे मूळ फाईल केवढीही असो, माझ्याकडे येणारा भार थोडाच. मेलकॅपमध्ये दोन ओळी ठेवल्या : डिस्प्ले, म्हणजे खिडकी उघडायची सोय, असेल तर फेह, नसेल तर चाफा. ही अट मेलकॅपमध्येच लिहिता येते आणि मट ती पाळतो. चाफाच्या ओळीत शेवटी 'कळ दाबेपर्यंत थांब' असं घालावं लागतं. नाहीतर चित्र क्षणभर चमकतं आणि मट त्यावर आपली यादी पुन्हा रंगवतो.

किटी टर्मिनलची स्वतःची चित्रपद्धत आहे आणि तीही चाफाला येते. ई-पुस्तकांचा कॅलिबर हा प्रोग्राम बनवणाऱ्या कोविद गोयल यांचंच ते काम. माझ्या जुन्या ग्राफिक्सवर किटी जड गेलं, म्हणून तिथे रमले नाही.

टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. नेटवर्क तुटतं म्हणून मी सगळं टीमक्समध्ये चालवते, आणि तो मधल्या मधे सिक्सेल गिळत होता. ३.४ आवृत्तीपासून त्याला सिक्सेल कळतं, पण प्रोग्राम बांधतानाच तो पर्याय चालू केलेला असला तरच. दोन संध्याकाळी मी चाफाला दोष देत बसले होते.

ऑक्टोबरमधली एक रात्र सांगते. त्यासाठीच मी हे सगळं अजून सोडलेलं नाही. माहेरी होते, लॅपटॉप घरी राहिला होता, हातात फक्त फोन. छापखान्यातून फोन आला : "ताई, नऊच्या आत मुखपृष्ठ पास करा, प्लेट काढायचीय." फोनवरून सर्व्हरवर गेले. फोनच्या टर्मिनलला सिक्सेल येत नाही, त्यामुळे आडव्या पडद्यावर साधारण शंभर चौकोन रुंद आणि तीस उंच असं रंगीत चित्र आलं. पणती ओळखू आली, निळं आभाळ ओळखू आलं, अक्षर एकही वाचता येईना. मग सर्व्हरवरच इमेजमॅजिक या चित्रं कापणाऱ्या प्रोग्रामनं मुखपृष्ठाचे तुकडे केले, एका वेळी एकच शब्द राहील असे, आणि एकेक तुकडा चाफाला दिला. शंभर चौकोनांच्या रुंदीत एकच शब्द असला की देवनागरी स्वच्छ वाचता येते. मात्रा सुटी दिसते, रफार दिसतो. सातव्या तुकड्यात 'व्यगचित्रं' दिसलं. अनुस्वार नव्हता. पुन्हा मोठं करून पाहिलं, खरंच नव्हता. पावणेनऊला फोन केला, प्लेट थांबली. एक तुकडा शे-सव्वाशे केबीच्या वर जात नाही. बारा तुकडे मिळून दीड एमबीच्या आत काम झालं. मला यात फार समाधान वाटलं, आणि ते पैसे वाचल्याचं नव्हतं. तीच चूक मोठ्या पडद्यावर सगळं मुखपृष्ठ एकदम बघताना माझ्या नजरेतून सुटली असती. शब्द सुटा झाला म्हणून सापडली. आता लॅपटॉपवरही मी मुखपृष्ठाचे तुकडेच करून वाचते.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. आयफोनवाले लेखक एचईआयसी या वेगळ्या प्रकारचे फोटो पाठवतात, त्यासाठी वेगळी ओळ आणि जेपेगमध्ये बदलणारा प्रोग्राम लागतो. काही जणांकडून साधा जेपेग 'ऑक्टेट-स्ट्रीम' अशा मोघम नावानं येतो आणि मेलकॅपला तो चित्र आहे हेच कळत नाही. मटला 'अशा वेळी फाइलीच्या नावावरून ओळख' असं सांगणारी एक सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी घालावी. मेलच्या मजकुरामध्येच, दोन परिच्छेदांच्या मधे, चित्र दिसावं ही माझी इच्छा मात्र अपुरी आहे. मटचा पेजर, म्हणजे मेलचा मजकूर दाखवणारा भाग, सिक्सेलचे संकेत पुढे जाऊ देत नाही. जाहिरातींच्या मेलमधली चित्रं तर येतच नाहीत, आणि ती मला नकोच आहेत. त्यांत एक ठिपक्याएवढं चित्र लपवून आपण मेल कधी उघडला याची नोंद ठेवतात. माझा मट ते मागवायलाच जात नाही.

लॅपटॉपची नवी मेलकॅप काल रात्री लिहून झाली, अकरा ओळी. या वेळी तिची प्रत सर्व्हरवर ठेवली आहे. एचईआयसीची ओळ अजून तपासायची आहे. कुणीतरी आयफोनवरून फोटो पाठवला की बघेन.