मागचे स्पीकर हळू केले आणि सभागृह सापडलं: घरच्या ५.१ वर दहा महिने कॉन्सर्ट ऐकल्यानंतर

दिवाणखान्यात ५.१ चा संच, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, बसवून दहा महिने झाले. घरच्यांना वाटलं होतं, सिनेमांसाठी घेतलाय. मी घेतला तो लाइव्ह कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगसाठी. वर्षानुवर्षं हेडफोनवर ऐकून पाठ झालेल्या मैफली एकदा त्या जागेत बसल्यासारख्या ऐकायच्या होत्या. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी त्याच्यासमोर असते. एवढ्या वापरानंतर बरंच काही सांगण्यासारखं साठलंय, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचे दोन महिने मी जे ऐकत होते ते सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेढणारं ध्वनिमुद्रण, नव्हतंच.

संच साधा आहे. समोर दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्हीखाली सेंटर, बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सराउंड, एक सबवूफर आणि हे सगळं चालवणारा एव्ही रिसीव्हर. डिस्क प्लेअर जुनाच. पहिल्या दिवशी पाचही स्पीकरमधून आवाज आला, टाळ्या मागून ऐकू आल्या, आणि मी खूश झाले. फक्त गायकाचा आवाज जरा पसरट वाटायचा, झांज कधीकधी मागून वाजल्यासारखी व्हायची. म्हटलं, खोलीचा दोष असेल. मग धाकटा भाऊ आला, पाच मिनिटं ऐकलं आणि उठून रिसीव्हरजवळ जाऊन वाकला.

“ताई, याच्यावर काय लिहिलंय वाचलंस का? पीसीएम, दोन चॅनेल. तुझी डिस्क स्टिरिओ वाजतेय. बाकीचं हा रिसीव्हर मनानं पसरवतोय.”

तेच खरं होतं. पीसीएम म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, आणि माझ्याकडे तो दोनच चॅनेलचा येत होता. कॉन्सर्टच्या पुष्कळ डिस्कवर स्टिरिओ ट्रॅक आधी ठेवलेला असतो आणि डिस्क घालून नुसतं ‘प्ले’ दाबलं की तोच सुरू होतो. ५.१ चा ट्रॅक ऑडिओच्या मेनूत जाऊन निवडावा लागतो. मी तो मेनू एकदाही उघडला नव्हता. नवीन संच घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: कान काय म्हणतात ते नंतर, आधी रिसीव्हरच्या पट्टीवर कोणता सिग्नल आत येतोय ते वाचा.

त्या दिवसापासून मी ट्रॅकच्या बाबतीत चिकित्सक झाले, आणि डीव्हीडीवर ५.१ नेहमीच सरस नसतो हेही त्यातून कळलं. डीव्हीडीवर ५.१ साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे डॉल्बी डिजिटल, ती डेटा कमी करण्यासाठी आवाज दाबते. तिला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात आणि त्यात सगळे चॅनेल बसवायचे असतात. त्याच डिस्कवरचा स्टिरिओ पीसीएम ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा असेल तर दोनच चॅनेलसाठी त्याच्या वाट्याला १५३६ किलोबिट येतात, तेही आवाज न दाबता. म्हणून काही जुन्या डीव्हीडींवर गायिकेचा श्वास, तारेवर बोट घासल्याची खरखर स्टिरिओत अधिक स्वच्छ ऐकू येते. एकटा गायक आणि एक गिटार असेल तर मी आजही तोच ट्रॅक लावते. ब्लू-रेवर ही ओढाताण नाही. तिथे डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा डॉल्बी ट्रूएचडी या काहीही न गमावणाऱ्या प्रकारांतला ट्रॅक असेल तर सगळेच चॅनेल मूळ बरहुकूम मिळतात. फक्त प्लेअर एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडा. टीव्हीतून फिरवून ऑप्टिकल केबलने आवाज आणलात तर हे ट्रॅक तिच्यातून जाऊच शकत नाहीत, दाबलेला ५.१ किंवा नुसता स्टिरिओ पदरात पडतो.

आता मुख्य गोष्ट, मागच्या स्पीकरांची.

खरा ५.१ ट्रॅक सापडल्यावर मी मागची लेव्हल चार डेसिबलनी वाढवली. पैसे मोजून सराउंड घेतलंय तर ते जाणवायला हवं, असं वाटायचं. रिसीव्हरसोबतच्या माइकने सगळ्या स्पीकरांची लेव्हल नीट जुळवून दिली होती, ती मी स्वतःच्या हाताने मोडली. मग झालं असं की प्रत्येक गाण्याच्या शेवटी टाळ्या अंगावर कोसळायच्या आणि गाणं सुरू झालं की लक्ष सारखं मागे ओढलं जायचं. तासाभरात मी थकायचे. कॉन्सर्ट अर्धवट सोडून उठायचे, आणि आवडतं संगीत ऐकताना थकवा का येतो ते कळायचं नाही.

एका रविवारी सगळं पुन्हा मांडायला घेतलं. सराउंड मी खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत, अगदी पाठीशी ठेवले होते. ५.१ साठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) बीएस.७७५, तिच्यात समोरचे दोन स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर सांगितलेत. म्हणजे पाठीमागे नव्हे, कानांच्या रेषेपासून थोडेसेच मागे. यामागचं कारण समजलं तेव्हा मला फार आनंद झाला. सभागृहात आपल्याला ‘जागा मोठी आहे’ असं जे वाटतं ते मुख्यतः बाजूच्या भिंतींवरून परतून येणाऱ्या आवाजामुळे. तो दोन्ही कानांना किंचित वेगवेगळा पोचतो आणि त्या फरकातून मेंदू जागेचा अंदाज बांधतो. आवाज नेमका पाठीमागून आला तर दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच मिळतो, मग कसली जागा आणि कसलं काय. तेव्हा स्पीकर कोपऱ्यांतून काढून बाजूंना आणले, सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढला, माइकने पुन्हा मोजणी केली, आणि लेव्हल जी आली तिला हात लावला नाही.

पहिल्या दहा मिनिटांत वाटलं, मागचे स्पीकर बंदच पडले. उठून एकाच्या जाळीला कान लावला. चालू होता, अगदी हलका. नुसता घुमारा, कुणाचं तरी खोकणं, तबल्याचा विरत जाणारा शेवट. पुन्हा जागेवर येऊन बसले आणि रिमोटने दोन्ही सराउंड बंद केले. खोली एकदम लहान झाली. गायक तोच, आवाज तोच, पण तो आता टीव्हीच्या आसपास वाजत होता. सराउंड चालू केले, भिंती मागे सरकल्या. हे मी पाच-सहा वेळा करून पाहिलं. वाजताना त्यांच्याकडे लक्ष जात नाही आणि बंद केले की त्यांची उणीव पोटात जाणवते, तिथे मला माझी लेव्हल सापडली. थकवा त्या दिवसापासून गेला. आता अडीच तासांचा कार्यक्रम एका बैठकीत ऐकते.

पारख करायची तर गाण्याच्या मध्यावर करू नका. शेवटचा सूर थांबतो आणि टाळ्या अजून सुरू व्हायच्या असतात, त्या सेकंद-दीड सेकंदात कान टवकारा. तिथे वाद्यं नसतात, फक्त सभागृह असतं.

बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या स्मरणार्थ २९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’ झाली. तिच्यात पंडित रविशंकरांची ‘अर्पण’ ही रचना आहे, भारतीय वाद्यवृंद आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं एकत्र, आणि संचालन अनुष्का शंकर यांचं. हेडफोनवर मी ती कितीतरी वेळा ऐकली होती. तिथे सगळी वाद्यं एका रांगेत, डोक्याच्या आत वाजायची. ५.१ वर पहिल्यांदा त्यांना उंची आणि खोली आली. आणि ते सभागृहही साधंसुधं नाही. १८७१ मध्ये उघडलेल्या या लंबगोल, प्रचंड वास्तूचा प्रतिध्वनी इतका बदनाम होता की १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठाल्या तबकड्या टांगाव्या लागल्या. चित्रात कॅमेरा वर गेला की त्या दिसतात. समोर तबकड्या दिसताहेत आणि बाजूच्या स्पीकरांतून त्या घुमटाखालची हवा ऐकू येतेय, हे एकाच वेळी घडतं तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो.

प्रत्येक कॉन्सर्टमध्ये मागच्या स्पीकरांना एवढंच काम असतं असं मात्र नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने १९६७ मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी आवाज फिरवला होता आणि पुढेही ते तसं करत राहिले. त्यामुळे त्यांच्या १९९४ च्या अर्ल्स कोर्टमधल्या रेकॉर्डिंगमध्ये मागून काही वाजलं तर ती मिक्सिंगवाल्याची हौस नव्हे, तिथल्या प्रेक्षकांनीही ते तसंच ऐकलेलं आहे. बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात तर प्रेक्षक वाद्यवृंदाच्या चारी बाजूंना बसतात, तेव्हा तिथल्या टाळ्या समोरूनही यायला हव्यात. मला खटकतं ते वेगळंच. काही डिस्कवर साथीदार गायिका किंवा कीबोर्ड उचलून श्रोत्यांच्या पाठीमागे ठेवलेले असतात. चित्रात ती माणसं मंचावर दिसतात आणि आवाज कानामागून. अशा डिस्क मी दोनदा ऐकून बाजूला ठेवल्या.

सबवूफरने सर्वांत जास्त घाम काढला. तो कोपऱ्यात होता तेव्हा बेस गिटारचा एकच सूर घरभर घुमायचा आणि त्याच्या शेजारचा सूर गायबच. शेवटी सबवूफर उचलून सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला, एक सावकाश बेसची ओळ परत परत लावली आणि मी गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरत ऐकत गेले. जिथे सगळे सूर सारखे ऐकू आले तिथे त्याला नेऊन ठेवलं. समोरच्या भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर. आणखी एक, पाच-पॉइंट-एकमधला तो ‘एक’, म्हणजे खर्जाचा वेगळा चॅनेल, मुळात सिनेमातल्या स्फोटांसाठी आणि गडगडाटासाठी आहे. संगीताच्या मिक्समध्ये पुष्कळदा त्यात फारसं काही नसतं. माझा सबवूफर बहुतेक वेळ ८० हर्ट्झखालचा तो भाग वाजवतो, जो लहान स्पीकरांना झेपत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, त्यामुळे काम भरपूर आहे. ईगल्स या अमेरिकन बँडच्या १९९४ च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मध्ये ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या सुरुवातीला जो खोल ठोका पडतो, तो ‘धम्म’ करून लगेच थांबला पाहिजे. माझ्याकडे आधी तो ‘धम्मम्मम्’ व्हायचा.

चित्र आणि आवाज जुळवणं मी फार उशिरा मनावर घेतलं. ढोलकऱ्याची काठी कातड्यावर पडायच्या आधीच ठोका ऐकू येतोय असं वाटायचं. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात थोडा वेळ घालवतो, आवाज मात्र लगेच पोचलेला असतो. उलटं असतं तर इतकं खुपलं नसतं, कारण निसर्गात आवाज नेहमी मागेच असतो. हवेत तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सभागृहात तीस मीटर मागे बसलेल्याला ठोका जवळपास ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये आवाज मागे ठेवायची सोय असते. टाळी वाजवणाऱ्या हातांचा क्लोजअप लावून मी दहा-दहा मिलिसेकंदांनी सरकत गेले आणि ७० वर थांबले.

कमतरता आहेत. सर्वांत मोठी म्हणजे नीट ऐकू येणारी जागा एकच. आई डाव्या टोकाला बसते, सराउंड तिच्या खांद्याशी. एकदा ती म्हणाली, “ही माणसं माझ्याच कानाशी का टाळ्या वाजवतायत गं?” तो स्पीकर वीतभर वर चढवला आणि त्याचं तोंड तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे वळवलं. मधल्या जागेवर नेमकेपणा थोडा कमी झाला, पण आई आता उठून जात नाही, आणि मला तो सौदा मान्य आहे. रात्री आवाज कमी ठेवावा लागतो तेव्हा मजा निम्मी होते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. रिसीव्हरवरचा नाइट मोड मी वापरत नाही. तो लहान-मोठ्या आवाजांतलं अंतरच मिटवून टाकतो आणि कुजबुज नि ललकारी एका मापाची होते. त्यापेक्षा त्या वेळी हेडफोन बरे.

आणि हिंदुस्थानी रागसंगीत. माझ्याकडच्या या मैफली सगळ्या स्टिरिओ आहेत. मोहापायी एकदा एक जुना ख्याल रिसीव्हरच्या पसरवण्याच्या मोडवर लावला. दोन्ही तंबोरे गायकापासून सुटून माझ्या कानांमागे गेले, आणि ज्या सुरावर तो षड्ज लावत होता तो सूरच त्याच्याजवळ राहिला नाही. आलाप संपायच्या आत मोड बदलला. तेव्हापासून ख्याल लावला की समोरचे दोनच स्पीकर चालू असतात. तंबोरे गायकाच्या पाठीशी, जिथे असायला हवेत तिथे.