तपासणी गुंड्याची, जंत चिमीला

आमच्या कुत्र्याने, गुंड्याने, फरशीवर ढुंगण घासत फिरायला सुरुवात केली आणि घरात एकमत झालं: जंत. मी गोळी आणायला निघालेच होते, पण म्हटलं, आधी प्राण्यांच्या दवाखान्यात शी तपासून घेऊ. सोबत आमच्या मांजरीची, चिमीचीही दिली, उगीच. तिला काही होत नव्हतं.

द्यायला सोपं आहे. ताजी शी घट्ट झाकणाच्या डबीत घ्यायची, लगेच नेता आली नाही तर फ्रीजमध्ये ठेवायची. (डबीत काय आहे ते घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.) तिथे ती मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवतात, जंतांची अंडी वर तरंगतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला, दोघांचाही स्वच्छ.

गुंड्याची शेपटी उचलून डॉक्टरांनी पाहिलं, तर गुदद्वाराशेजारच्या दोन्ही ग्रंथी तुंबलेल्या. पिळून रिकाम्या केल्या, घासणं थांबलं. त्या वासाबद्दल लिहीत नाही. म्हणजे मी गोळी दिली असती तर ती फुकट गेली असती, हे या तपासणीच्या बाजूने.

आता तक्रार. आठवड्याने चिमीच्या अंथरुणावर तांदळासारखे दाणे दिसले. वाळलेले पिवळट, तिळाएवढे. एक ओला होता, तो माझ्यादेखत लांब-आखूड झाला. तसाच डबीत घालून दवाखान्यात नेला. पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे तुकडे! याची अंडी बहुधा त्या तुकड्यांतच बंद राहतात, शीत सुटी मिसळत नाहीत, म्हणून तपासणीत सहज निसटतात. अहो, मग रिपोर्ट हातात देताना हे एक वाक्य सांगायला काय झालं होतं? 'जंत आढळले नाहीत' वाचून मी निर्धास्त होते.

प्राझिक्वांटेल या जंताच्या औषधाची गोळी दिली, चिमीने कडू म्हणून तोंडाला फेस आणला, पण तुकडे बंद झाले. पिसवांचं औषधही लगेच केलं, कारण अंग चाटताना पिसू गिळली की हा जंत पुन्हा येतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तुकडे परत दिसू लागतात.

गोलकृमी आणि अंकुशकृमी या दुसऱ्या जंतांसाठी मात्र ही तपासणी कामाची आहे. तरी पिल्लाचं पोट ढोलासारखं फुगलंय, हिरड्या पांढुरक्या पडल्यात किंवा शी डांबरासारखी काळी होतेय, तर डबी भरत बसू नका, पिल्लालाच उचलून न्या. अंकुशकृमी रक्त पितात, लहान जिवाला ते सोसत नाही.

तपासणीला पाचपैकी साडेतीन गुण. पुढच्या खेपेला डबीबरोबर चिमीच्या अंथरुणाचा फोटोही नेणार आहे.