आतल्या काठाने झिजणारे ऑल-टेरेन टायर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर मी गाडीला बसवले होते. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची नक्षी अजून चांगली असताना आतला काठ निम्म्याहून अधिक झिजला आहे, हे लक्षात आले तेव्हा या टायरविषयी माझे मत अत्यंत प्रतिकूल झाले होते. नवीन असताना खाचांची खोली सुमारे 12 मिलिमीटर होती; आता ती बाहेर 9 आणि आत जेमतेम 5 उरली होती. चिखलातील पकड आणि टायरच्या भिंतींची मजबुती याबद्दल तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते, परंतु एवढी किंमत मोजून घेतलेल्या टायरचे आयुष्य असे वाया जाणे मला सहन होत नव्हते.

वर्कशॉपमध्ये सांगण्यात आले की खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाडीचे टायर असेच झिजतात. हे उत्तर मी स्वीकारले नाही, कारण झीज आपले कारण टायरवरच लिहून ठेवते. हवा सतत कमी राहिली तर दोन्ही काठ झिजतात, जास्त राहिली तर मधला पट्टा झिजतो आणि शॉकॲब्जॉर्बर (चाकाची उसळी आवरणारा भाग) निकामी झाला तर ठिकठिकाणी खळगे पडतात. एकच काठ झिजत असेल तेव्हा आधी कँबर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहता चाकाची आत किंवा बाहेर वळलेली दिशा) यांचा संशय घ्यावा लागतो. टायरवरून तळहात आडवा फिरवला की या दोहोंतला फरक बराचसा कळतो: केवळ कँबरची झीज उतरती पण गुळगुळीत लागते, तर टो चुकला असेल तर नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांच्या कडा एका दिशेने मऊ लागतात आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारख्या टोचतात. माझ्या टायरच्या कडा स्पष्ट टोचत होत्या आणि झीज आतल्या बाजूला होती. म्हणजेच गाडी चालताना चाके पुढच्या बाजूने बाहेर फाकत होती. चाकाची दिशा फक्त 0.1 अंशाने चुकली तरी ते दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे टायर इतक्या लवकर का संपतो याचे आश्चर्य वाटत नाही.

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याच्या, छापील अहवालात मात्र सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत होते आणि त्या कागदाच्या आधारे दोष टायरवर ढकलण्यात आला. मी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घेतले. त्यानंतर झिजलेल्या टायरची तिरकी झीज मागे जाताच थांबली, आणि तोवर सारखे झिजत आलेले टायर पुढे येताच आतल्या काठाने झिजू लागले. टायरविषयीचे माझे मत तिथेच बदलले.

अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीची मोजणी करते. ब्रेक लावल्यावर चाक कुठे सरकते हे त्याला दिसत नाही. म्हणून मी लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशांना, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्यांना, टॉमी (लोखंडी पहार) लावून बघण्याचा आग्रह धरला, आणि दोन्ही बाजूंच्या मागच्या बुशांचे रबर धातूपासून सुटलेले निघाले; म्हणूनच उभ्या गाडीत बरोबर दिसणारी चाके चालताना फाकत होती. गाडी उंच करण्यासाठी लिफ्ट किट बसवताना चाके हवेत लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले गेले होते. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळायचे असतात. नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. काम करणाऱ्याने पाळायचा हा अगदी प्राथमिक नियम आहे, आणि तो न पाळल्याची किंमत ग्राहकाने टायरच्या रूपाने मोजावी हे मला आजही अन्यायाचे वाटते. बरीच वादावादी झाल्यावर मजुरी माफ झाली; बुशांचे आणि टायरचे पैसे मात्र माझ्याच खिशातून गेले.

बुश बदलल्यावर, गाडी चाकांवर उभी करून बोल्ट आवळले आणि त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट केले. या वेळी दुरुस्तीपूर्वीचे आकडेही छापून घेतले, कारण केवळ नंतरचे आकडे पाहून नेमके काय बदलले हे कधीच कळत नाही. आता पुढची झीज दोन्ही काठांना सारखी आहे. स्टेपनीसह पाचही टायर दर 8,000 किलोमीटरला फिरवण्याचे ठरवले आहे, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह लावत नाही, कारण माझ्या गाडीत मधला डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसल्याने वळणावर टायर नाहक घासले जातात. टायरबद्दल एकच तक्रार उरली आहे: मागच्या टायरच्या ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजू लागल्याने वेगात गुणगुण ऐकू येते. आतल्या आणि बाहेरच्या काठाची झीज मात्र सारखी आहे, त्यामुळे हेच टायर पुन्हा घेईन.